पहिलं घर, सरकारी मदत आणि शेजाऱ्यांची संस्था: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

‘फॉर्म भरलाय, आता अडीच लाख कधी जमा होणार?’ घराच्या योजनांचे अर्ज भरून द्यायला बसलं की हा प्रश्न दिवसातून चारदा ऐकायला मिळतो. विचारणाऱ्याची त्यात चूक नसते. फलकावर रक्कम ठळक असते. ती कुणाला, कधी आणि कशी मिळणार हे मात्र लिहिलेलं नसतं. बरेचदा तो पैसा तुमच्या हातात पडतच नाही. कधी तो घराच्या किमतीतून वजा होतो, कधी थेट कर्जखात्यात जातो, कधी बांधकाम अमुक टप्प्यापर्यंत आल्याचा फोटो गेल्यावर मिळतो. म्हणजे आधी कागद तुमचे, पैसाही तुमचा. सरकारचा हात मागाहून येतो. पुढच्या सगळ्या पायऱ्या मी याच हिशेबाने मांडल्या आहेत. सगळं महाराष्ट्रापुरतं आहे, आणि मुख्यतः शहरात किंवा शहराच्या कडेला राहणाऱ्यांसाठी.

पहिली पायरी: आपण कुठल्या गटात बसतो?

इथे पहिलाच गोंधळ होतो, कारण ‘अल्प उत्पन्न’ हा शब्द प्रत्येक योजनेत वेगळ्या आकड्याचा असतो.

प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) २.० सप्टेंबर २०२४ पासून सुरू झाली. तिच्यात वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेलं कुटुंब आर्थिकदृष्ट्या दुर्बल, ३ ते ६ लाख अल्प उत्पन्न आणि ६ ते ९ लाख मध्यम उत्पन्न गटात येतं. म्हाडाची मोजपट्टी निराळी. मुंबई, पुणे, नागपूर यांसारख्या महानगर प्रदेशांत ६ लाखांपर्यंत अत्यल्प, ९ लाखांपर्यंत अल्प आणि १२ लाखांपर्यंत मध्यम गट. उरलेल्या महाराष्ट्रात अत्यल्प गटाची मर्यादा साडेचार लाख आणि अल्प गटाची साडेसात लाख. त्यामुळे वर्षाला ५ लाख मिळवणारं पुण्यातलं जोडपं म्हाडाकडे अत्यल्प गटात बसतं आणि केंद्राच्या योजनेत अल्प उत्पन्न गटात. एका ठिकाणचा गट दुसरीकडे लिहिलात तर अर्ज तिथेच अडकतो.

उत्पन्न म्हणजे नवरा आणि बायको दोघांचं मिळून, आणि तेही आर्थिक वर्षाचं, एप्रिल ते मार्च. बायको चार घरची धुणीभांडी करते, तिचे पैसे ‘काय मोजायचे’ म्हणून सोडून देऊ नका. पुढे कर्ज काढताना हेच उत्पन्न तुमच्या कामी येणार असतं, आणि तेव्हा ते एकाएकी कागदावर उगवलं तर बँकही विचारते.

केंद्राच्या योजनेच्या आणखी दोन अटी आधीच तपासा. कुटुंबातल्या कुणाच्याही नावावर भारतात कुठेही पक्कं घर नसावं, आणि गेल्या २० वर्षांत कुठल्याही सरकारी घरयोजनेचा लाभ घेतलेला नसावा. ‘कुटुंब’ म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुलं. लग्न झालेला मुलगा आईवडिलांबरोबर एकाच खोलीत राहत असला तरी त्याचं कुटुंब वेगळं. गावी वडिलांच्या नावावर असलेलं घर तुमचं धरलं जात नाही. पण वडील गेल्यावर वारसनोंदीने तुमचं नाव त्यावर चढलं असेल तर अर्जाआधी महापालिकेच्या आवास कक्षात विचारून घ्या. खोटं प्रतिज्ञापत्र करून देणारे दलाल भेटतील. ते आज शंभर-दोनशे रुपयांत काम करून देतात. आधार आणि मालमत्तेच्या नोंदी जुळवल्या गेल्या की निस्तरायचं तुम्हालाच असतं.

दुसरी पायरी: कागद, आणि तेही आत्ताच

जाहिरात आली की कागद गोळा करू, असं म्हणणारे निम्मे लोक मुदतीत पोचत नाहीत. दाखले आधीच काढून ठेवा.

घरातल्या प्रत्येकाचं आधार कार्ड, अर्जदार आणि त्याच्या जोडीदाराचं पॅन, आधारशी जोडलेलं बँक खातं, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा आयकर विवरणपत्र, आणि लागू असेल तर जातीचा दाखला. म्हाडासाठी अधिवासाचा दाखला, म्हणजे डोमिसाईल, हवाच; तोही १ जानेवारी २०१८ नंतर दिलेला, बारकोड असलेला. जुना हातानं लिहिलेला दाखला कितीही खरा असला तरी चालत नाही. राज्यात १५ वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. भाड्याने घरं बदलत राहिलेल्यांना हे सिद्ध करणं अवघड जातं. मग मुलांचे शाळेचे दाखले, जुनी रेशनकार्डं, मतदार यादीतली नोंद असं जोडत बसावं लागतं.

सगळ्यात जास्त वेळ खातं ते नाव. आधारवर ‘सुनिता’, पॅनवर ‘सुनीता’, बँकेत माहेरचं आडनाव, शाळेच्या दाखल्यावर चौथंच काही. आपण म्हणतो, माणूस तर एकच आहे ना. यंत्राला तेवढं कळत नाही. आधी आधार नीट करून घ्या, मग त्याच्याबरहुकूम बाकीचं. यात दोन-तीन महिने सहज जातात.

बांधकामावर काम करत असाल तर आणखी एक काम करून ठेवा: महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी. वर्षात ९० दिवस काम केल्याचं प्रमाणपत्र लागतं. नोंदणी चालू असलेल्या कामगाराला घरासाठी या मंडळाकडूनही मदत मिळू शकते. मात्र नूतनीकरण चुकलं की हक्क थांबतो, आणि नेमकं तेच बहुतेकांकडून राहून जातं.

तिसरी पायरी: कुठल्या दारातून आत जायचं?

केंद्राच्या शहरी योजनेत चार वाटा आहेत, आणि एका कुटुंबाला त्यांतली एकच मिळते.

स्वतःची जागा असेल तर त्यावर घर बांधायला मदत. ही दुर्बल गटासाठी आहे. आपल्या राज्यात केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा किमान एक लाख, असे मिळून अडीच लाख, आणि घराचं चटई क्षेत्र ४५ चौरस मीटरपर्यंत. पैसे एकदम मिळत नाहीत. पाया, छत, पूर्ण झालेलं घर असे टप्पे असतात आणि प्रत्येक टप्प्याचा जागेवरून, ठिकाणाच्या नोंदीसह फोटो जातो. गवंड्याला उचल तुम्हीच द्यायची आहे, हे लक्षात ठेवा. जागेचा कागद स्वच्छ हवा: ७/१२ किंवा मिळकत पत्रिकेवर तुमचं नाव. शंभराच्या स्टँपवर ‘गुंठा’ विकत घेतलेल्यांचं इथेच अडतं.

दुसरी वाट भागीदारीतल्या परवडणाऱ्या घरांची. सरकारी संस्था किंवा खाजगी विकासक प्रकल्प बांधतो, दुर्बल गटाच्या घरामागे तेवढीच मदत मिळते आणि ती किमतीतून वजा होते. म्हाडा आणि सिडको यांच्या बऱ्याच सोडतींमध्ये अशी घरं असतात.

तिसरी वाट भाड्याच्या घरांची. दोन-चार वर्षांसाठी शहरात आलेल्याला ती सोयीची. मालकी त्यात नाही, म्हणून इथे एवढंच.

चौथी वाट कर्जाच्या व्याजाला अनुदानाची. वर्षाला ९ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना ती खुली आहे. घराची किंमत ३५ लाखांच्या आत, कर्ज २५ लाखांच्या आत. त्यातल्या पहिल्या ८ लाखांवर १२ वर्षांपर्यंतच्या मुदतीसाठी ४ टक्के अनुदान, आणि एकूण जास्तीत जास्त १ लाख ८० हजार, पाच वार्षिक हप्त्यांत, थेट कर्जखात्यात. हिच्यात एक खोच आहे जी बँकेतला माणूस सहसा सांगत नाही: हप्ता येताना कर्ज चालू असावं लागतं आणि मुद्दलातलं निम्म्याहून अधिक बाकी असावं लागतं. बोनस मिळाला म्हणून घाईघाईने कर्ज अर्ध्यावर आणलंत तर पुढचे अनुदानाचे हप्ते हातचे जातील. कर्ज लवकर फेडणं चांगलंच. फक्त आधी वजाबाकी करून बघा.

म्हाडाची सोडत हे वेगळं दार. नोंदणी एकदाच करायची, कागदही एकदाच तपासले जातात. मग जाहिरात आली की अनामत भरून अर्ज. नंबर लागला नाही तर अनामत परत मिळते. मोठ्या शहरांत ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर बांधणाऱ्या खाजगी विकासकाला २० टक्के घरं दुर्बल आणि अल्प गटासाठी ठेवावी लागतात. तीही म्हाडाच्या सोडतीतूनच जातात. चांगल्या वस्तीत, चांगल्या बांधकामाचं घर या २० टक्क्यांत मिळून जातं, म्हणून जाहिरातीत ती यादी आधी वाचा. म्हाडाने कुणीही दलाल नेमलेला नाही, हे ती दर वेळी जाहिरातीत छापते आणि तरी दर वेळी कुणीतरी फसतं.

गावाकडचं थोडक्यात. ग्रामीण आवास योजनेचं घरकुल मैदानी भागात १ लाख २० हजारांचं, त्याशिवाय रोजगार हमीची मजुरी आणि शौचालयाचे १२ हजार वेगळे. अनुसूचित जातींसाठी रमाई, आदिवासींसाठी शबरी, इतर मागासवर्गीयांसाठी मोदी आवास. जागाच नसेल तर जागा घ्यायला पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाची योजना आहे. सगळ्याची सुरुवात ग्रामपंचायत अधिकाऱ्यापासून, म्हणजे पूर्वीच्या ग्रामसेवकापासून.

चौथी पायरी: आपला हिस्सा मोजा

एक उदाहरण घेऊ. घर १५ लाखांचं. ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला बँक घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत देऊ शकते, म्हणजे फार तर साडेतेरा लाख. दीड लाख तुमचे. मुद्रांक शुल्क ७ टक्के धरलं तर १ लाख ५ हजार, नोंदणी १ टक्का म्हणजे १५ हजार. झाले २ लाख ७० हजार, आणि अजून वीजमीटर, संस्थेचे पैसे, सामान हलवणं बाकी आहे. याच्यासमोर व्याज अनुदानाचा वर्षाचा मोठ्यात मोठा हप्ता ठेवा: ३६ हजार. आणि तो येतो कर्ज सुरू झाल्यावर.

खर्च खाली आणायच्या दोन जागा आहेत. घर एकट्या बाईच्या नावावर घेतलं तर राज्यात २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. केंद्राच्या योजनेचाही आग्रह घर बाईच्या किंवा दोघांच्या नावावर असावं असाच आहे. ‘तिच्या नावावर कशाला’ म्हणणाऱ्या सासऱ्यांना हा आकडा दाखवा. पंधरा हजारांपुढे कुरकुर सहसा विरते. दुसरं, बांधकाम चालू असलेलं परवडणारं घर घेतलं तर १ टक्का जीएसटी. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहायला तयार असल्याचा दाखला, मिळालेल्या घराला जीएसटी नाही.

कर्जाचा हप्ता आणि सध्याचं भाडं काही महिने एकदमच भरावं लागेल, हे गृहीत धरा. ताबा लांबतो. हप्ता थांबत नाही.

पाचवी पायरी: एकट्याने की मिळून?

माझ्या मते खरी मदत इथे आहे, आणि ती कुठल्याच जाहिरातीत नसते. कमी पगाराच्या माणसाला एकट्याला बँक दारात उभं करत नाही आणि जमीन परवडत नाही. दोनशे जण एकत्र आले की जमीनमालकही ऐकतो, बँकही आणि मंत्रालयही.

सोलापूरजवळच्या कुंभारीला जाऊन बघा. तिथे विडी वळणाऱ्या बायकांच्या सहकारी संस्थेची १०,००० घरं २००६ मध्ये उभी राहिली. वसाहतीला नाव गोदूताई परुळेकरांचं. त्याच भागात पुढे रे नगर झालं: विडी, यंत्रमाग, शिलाई, कचरावेचक अशा असंघटित कामगारांसाठी ३०,००० घरांचा प्रकल्प, प्रधानमंत्री आवास योजनेतून. पहिल्या १५,००० घरांचा ताबा १९ जानेवारी २०२४ ला दिला गेला. दोन्हींच्या मागे माजी आमदार नरसय्या आडम यांच्यासह कामगार संघटनेची अनेक वर्षांची धावपळ होती. सरकारची योजना तीच, जी सगळ्यांसाठी आहे. फरक एवढाच की इथे माणसं आधी एकत्र आली आणि मग योजनेच्या दारात गेली.

एवढं मोठं करायची गरज नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० प्रमाणे गृहनिर्माण संस्थेला वेगवेगळ्या कुटुंबांतले किमान पाच जण पुरतात. इमारत आधीच असेल तर निम्म्याहून अधिक, म्हणजे ५१ टक्के गाळेधारक लागतात. क्रम असा: इच्छुकांची बैठक, तीत मुख्य प्रवर्तकाची निवड आणि त्याचा लेखी ठराव, मग उपनिबंधकांकडे संस्थेचं नाव राखून ठेवणं आणि बँक खातं उघडायची परवानगी, भागभांडवल गोळा करून त्याच खात्यात भरणं, शेवटी पोटनियमांसह नोंदणीचा प्रस्ताव. आदर्श पोटनियमांप्रमाणे सभासदाला ५० रुपयांचे दहा भाग आणि १०० रुपये प्रवेश फी, म्हणजे ६०० रुपयांत माणूस सभासद होतो. खाती उघडण्याआधी कुणी रोख मागत असेल, मग तो कितीही जवळचा असो, देऊ नका. मी दोन प्रस्तावित संस्था याच कारणाने फुटताना पाहिल्या. दोन्हीकडे मुख्य प्रवर्तक माणूस वाईट नव्हता, फक्त हिशेब त्याच्या वहीत होता आणि वही त्याच्या घरी.

नोंदणीच्या वेळी एक प्रश्न पुढ्यात येतो ज्याकडे कुणी नीट बघत नाही: मालकी कशाची, कुणाची? एका प्रकारात जमीन संस्थेची आणि घर सभासदाचं. दुसऱ्यात, भाडेकरू सहभागीदारीच्या प्रकारात, जमीन आणि इमारत दोन्ही संस्थेच्या. सभासदाकडे भाग आणि त्या भागांबरोबर राहण्याचा हक्क. नव्या माणसाला हे ऐकून धक्का बसतो. पण शहरातल्या बहुसंख्य इमारती याच प्रकारच्या आहेत, घरं विकली जातात, कर्जही मिळतं. पुढे सगळ्यांनी मिळून दुरुस्ती किंवा पुनर्विकास करायचा झाला तर हा प्रकार सोयीचा पडतो.

आणि सामायिक काय ठेवायचं, हे नकाशा मंजूर होण्याआधी बोला. तीस चौरस मीटरच्या घरात शिलाई मशीन, अभ्यासाचं टेबल आणि आजारी सासू एकत्र मावत नाहीत. तळमजल्यावर एक मोठी खोली, जिथे दिवसा पाळणाघर आणि संध्याकाळी अभ्यासिका. एक समाईक ओटा किंवा गच्ची, जिथे काम घेऊन बसता येईल. चाळीत वाढलेल्यांना याचं महत्त्व सांगावं लागत नाही. तिथल्या गॅलरीने किती पोरं सांभाळली! मात्र चाळीतली नळावरची भांडणंही आठवा, आणि त्या खोलीची किल्ली कुणाकडे, झाडायचं कुणी, लग्नाला द्यायची तर पैसे कुणी घ्यायचे, हे लिहून ठेवा.

सहावी पायरी: सही करण्याआधी

खाजगी प्रकल्प असेल तर महारेराच्या, म्हणजे घरबांधणी प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर त्याचा नोंदणी क्रमांक टाकून बघा. मंजुरीचे कागद, पूर्णत्वाची तारीख, तक्रारी सगळं दिसतं. खरेदीदारांकडून आलेल्या पैशातला ७० टक्के हिस्सा विकासकाने त्या प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवायचा असतो, म्हणून पैसे महारेराकडे नोंदवलेल्या त्या प्रकल्पाच्या खात्यातच भरा. दहा टक्क्यांहून जास्त रक्कम नोंदणीकृत करारनाम्याशिवाय घेता येत नाही. ‘पावती लिहून देतो’ म्हणाले तर उठून या.

जागा शेतीची आहे की बिनशेती, हे ७/१२ वर बघा. एका ओळखीच्या ताईंनी वर्षभराची भिशी घालून प्लॉट घेतला, योजनेचा अर्ज केला आणि मग कळलं की प्लॉट पाडल्याचं रेखांकनच (लेआउट) मंजूर नव्हतं. प्लॉट अजून तिथेच आहे, त्याच्यावर ज्वारी होते.

सरकारी मदतीचं घर लगेच विकता येत नाही. म्हाडाच्या घराला साधारणपणे पाच वर्षांची अट असते. ‘पॉवर ऑफ अॅटर्नी’ करून आधीच व्यवहार करणारे भेटतात. असं घर घेऊही नका, देऊही नका.

सातवी पायरी: ताबा मिळाल्यावर

किल्ली मिळाली की पहिल्या महिन्यात देखभाल खर्चाची पावती येते, आणि इथेच बरेच जण गडबडतात. लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे, सफाई, सगळं आता तुमच्या अंगावर. यात कर्जनिवारण निधी, म्हणजे पुढच्या मोठ्या कामांसाठी साठवायचा सिंकिंग फंड असतो, बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का दर वर्षी, आणि दुरुस्ती निधी पाऊण टक्का. घराच्या बांधकामाचा खर्च ६ लाख धरला तर दोन्ही मिळून वर्षाला ६ हजार, म्हणजे महिन्याला ५००. हा पैसा वाचवायला पहिल्या सभेत सगळे हात वर करतात. नका करू. सात मजली इमारतीची लिफ्ट पाचव्या वर्षी बंद पडते तेव्हा वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या माणसांचं घर तुरुंग होतं.

पहिल्या सर्वसाधारण सभेला जा, समितीत बायका येतील हे बघा, लेखापरीक्षण दर वर्षी करून घ्या. घर भाड्याने दिलं तर संस्था बिनभोगवटा शुल्क घेऊ शकते, पण सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नाही. आणि विकासकाने जमीन संस्थेच्या नावावर करून दिली का, म्हणजे अभिहस्तांतरण झालं का, हे विचारत राहा. तो टाळत असेल तर मानीव अभिहस्तांतरणासाठी, म्हणजे त्याच्या सहीवाचून जमीन नावावर करून घेण्यासाठी, जिल्हा उपनिबंधकांकडे संस्थेला स्वतः अर्ज करता येतो. त्यासाठी करारनामा, इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयातला व्यवहाराचा उतारा), मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र लागतं. यांच्या प्रती ताब्याच्या दिवशीच एका फायलीत लावून कपाटाच्या वरच्या खणात ठेवा.